बाजेखालची शेगडी

"प्युअरपेरल सेप्सिस," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि शांताच्या पोटावरचा हात काढून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मुलुंडहून कारखान्याच्या टेम्पोत बायकोला घालून नुकताच रुग्णालयात पोहोचलो होतो. माझ्या नखांत कोळशाची काजळी तशीच होती.

प्युअरपेरल म्हणजे बाळंतपणानंतरचे. सेप्सिस म्हणजे जंतूंचे विष रक्तात पसरणे. जुनी माणसे याला बाळंतज्वर म्हणत आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणत. डॉक्टरबाईंनी आवाज खाली आणला नाही.

"ताप कधीपासून आहे?" त्यांनी विचारले.

"ठाऊक नाही."

"तुम्ही कोण हिचे?"

"नवरा."

"एकाच खोलीत राहता ना?"

मी हो म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारले नाही. त्या वळून सिस्टरला इंजेक्शनांची नावे सांगू लागल्या. आयुष्यात मी अनेकांशी वाद घातले, युनियनच्या बैठकींत साहेबांना निरुत्तर केले. परंतु त्या बाईंच्या त्या न विचारलेल्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे, की आमच्या घरात या प्रसंगाच्या इतक्या कहाण्या फिरत आहेत, की खरी कोणती हे सांगणारा माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही. माझा मुलगा मिलिंद, ज्याच्या जन्माची ही गोष्ट आहे, तो सांगतो की एका अडाणी सुईणीच्या घाणेरड्या हातांमुळे त्याची आई मरणार होती. माझी आई शेवटच्या श्वासापर्यंत सांगत राहिली की सटवाईची पूजा चुकली म्हणून सुनेला फळ मिळाले. मिलिंदची मुलगी मितू ही आता स्वतः गरोदर आहे. तिच्या लेखी तिच्या बाबांचा जन्म म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, जांभळाच्या सावलीत झालेला एक निसर्गसोहळा आहे. आणि माझी पत्नी शांता म्हणते, की तसे विशेष काही झालेच नव्हते.

हे चौघेही चुकत आहेत. ज्यांच्या घरी बाळंतीण आहे किंवा येणार आहे, त्यांनी यांपैकी कोणाचेही ऐकू नये. माझे ऐकावे, मी त्या खोलीत होतो, शेगडी माझ्या हाती होती आणि दोष माझा होता.

एकोणीसशे साठचे दशक संपत आले होते. मुलुंडच्या पश्चिमेला, जेथे रस्ता संपून डोंगर सुरू होई, तेथे आमची बैठी चाळ होती. मी भांडुपच्या एका कारखान्यात भट्टीवर होतो. धातूचा रंग पाहून त्याची उष्णता सांगणे हे माझे काम होते आणि त्यात माझा हात धरणारा त्या खात्यात कोणी नव्हता. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढे जे घडले त्याचा त्याच्याशी संबंध आहे, म्हणून सांगतो.

आमच्या घराण्याने साताऱ्याकडे गावी असतानाच धम्मदीक्षा घेतली होती. वडिलांच्या सांगण्यावरून आईने देव्हारा विहिरीत सोडला. परंतु सटवाई देव्हाऱ्यात कधीच नव्हती, त्यामुळे ती विहिरीत गेली नाही. बाळाच्या पाचव्या दिवशी ती येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी ती समजूत. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडून पूजा करतात. तिला पाचवी म्हणतात. शांताला सातवा महिना लागला तेव्हाच मी आईला बजावले, की माझ्या घरात पाचवी होणार नाही.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं बाबा. शेगडी तरी ठिवशील, का ती बी सोडलीस?"

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, तिचे अंग शेकायचे, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी द्यायची, वारा लागू नये म्हणून दार लावून घ्यायचे, ही रीत तेव्हा घरोघरी होती. मी विचार केला. शेगडी हा काही देव नव्हे. उष्णतेने जंतू मरतात हे विज्ञान आहे. मी म्हणालो, शेगडी राहील, आणि ती मी स्वतः सांभाळीन.

"सांभाळ," आई म्हणाली. "पर काय वंगाळ झालं, तर माझ्या नावानं बोंबलू नगंस."

असा आमचा तह झाला. त्या दिवसापासून शांताचे बाळंतपण हा माझा आणि आईचा खटला बनला. ज्या बाईचे पोट होते, ती त्यात पक्षकार नव्हती.

जन्माविषयी मितू सांगते ते सर्व खोटे आहे असे मी म्हणणार नाही. थंडीचे दिवस होते. सकाळी उन्हे डोंगरावरून अजून खाली उतरली नव्हती तेव्हा कळा सुरू झाल्या. बनूबाई सुईण आली, तिने मला बाहेर काढले आणि जाता जाता सांगितले, की घरातली कुलपे उघड, डब्यांची झाकणे काढ, गाठी सोड. म्हणजे बाई लवकर मोकळी होते. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी तिला या समजुतीवरून व्याख्यान दिले असते. त्या दिवशी मी निमूटपणे ट्रंकेचे कुलूप उघडले, पिठाच्या डब्याचे झाकण काढले आणि बाहेर येऊन दोरीवर वाळत घातलेल्या धोतराची गाठसुद्धा सोडली.

मागच्या बाजूला जांभळाचे झाड होते. त्याच्या बुंध्याला पाठ लावून मी उभा राहिलो. आतून शांताचा आवाज येत होता. तो रडण्याचा नव्हता आणि ओरडण्याचाही नव्हता. गावी आमची गाय व्यायला टेकली, की गोठ्यातून असाच खोल, जमिनीतून आल्यासारखा आवाज येत असे. मला भीती वाटली नाही. मला वाटले, ही बाई आता माझी पत्नी नाही, कुणाची सून नाही. डोंगर, झाड आणि ती एकाच कामाला लागली आहेत, आणि तेथे माझे काही चालत नाही. मग एकाएकी सर्व शांत झाले आणि त्या शांततेतून मिलिंद रडला.

देव सोडलेल्या माणसाने पवित्र हा शब्द वापरावा की नाही, यावर माझ्याशी वाद घालणारे अनेक आहेत. त्यांनी खुशाल घालावा. मी तो शब्द वापरतो.

थोड्या वेळाने बनूबाईने दाराआडून मडके माझ्या हाती दिले. त्यात वार होती. वार म्हणजे बाळाला आईच्या पोटात नऊ महिने पोसणारा मांसल गोळा; बाळामागून तो बाहेर पडतो आणि आमच्याकडे जमिनीत पुरतात. "पडली बाई सगळी," बनूबाई आत शांताला सांगत होती. मी जांभळाखाली खड्डा खणला, मडके ठेवले आणि माती लोटली. माती लोटताना माझे डोळे भरून आले होते. मितूला हा भाग फार आवडतो. आमच्या चाळीच्या जागी आज इमारत उभी आहे आणि ते झाड तिच्या आवारात शिल्लक आहे. मितू त्याला बाबांचे झाड म्हणते आणि येता-जाता हात लावते.

तिने लावावा. परंतु मडक्यात काय होते याकडे मी नीट पाहिले नव्हते, हेही तिने लक्षात ठेवावे.

पहिले काही दिवस सुरळीत गेले. मी पाळीवर जाण्यापूर्वी आणि आल्यावर शेगडी भरत असे. निखारे किती, राख किती, बाजेपासून अंतर किती, हे मी भट्टीच्या शिस्तीने ठरवले होते. चाळीतल्या बायका येऊन पाहून जात आणि म्हणत की असा नवरा भाग्याने मिळतो. मला ते ऐकायला आवडत असे.

मग एका दुपारी शांताला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. ती म्हणाली, "थंडी वाजतेय, निखारे घाला." मी घातले.

येथे मी वाचकांना हात जोडून सांगतो. बाळंतिणीला हुडहुडी भरणे म्हणजे थंडी नव्हे. तो चढणाऱ्या तापाचा पहिला निरोप असतो. ताप असला तर कपाळ तापते, हे कुणालाही कळते. पण ज्या खोलीत बाजेखाली शेगडी आहे, तेथे सर्वांचीच कपाळे तापलेली असतात. आणि माझे तळहात भट्टीवर भाजून राठ झालेले. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि मनाशी म्हणालो, छान शेकली आहे. आतून बिघडले की अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येते. आमच्या खोलीत ओव्याच्या धुरीशिवाय दुसरा वास नव्हता. ताप विस्तवाने झाकला, वास धुराने झाकला, आणि दार आम्ही लावून घेतले होते.

तरीही मला कळले असते. कळू न देण्याचे काम मी स्वतः केले.

पाचवा दिवस उजाडला. पूजा होणार नव्हती. आई सकाळपासून उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसली होती. काही करत नव्हती, नुसती दाराकडे बघत होती. आज या घरात काही वाईट घडते का, याची ती वाट पाहत होती. आणि काही घडू नये म्हणून मी पहारा देत होतो. तान्ह्या मुलाला शिंक आली तरी आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत होतो.

त्या दुपारी शांताने मला जवळ बोलावले. तिचे ओठ सुकले होते. ती म्हणाली, "मला बरं वाटत नाही हो. मला दवाखान्यात न्या."

मी म्हणालो, "हळू बोल. आई ऐकेल."

मी एवढेच म्हणालो. शांताने माझ्याकडे पाहिले, मग बाजेच्या पलीकडल्या भिंतीकडे तोंड केले. त्यानंतर ती मोठ्याने काय, हळूही काही बोलली नाही. संध्याकाळी मी बाहेर येऊन आईला सांगितले, "बघ, उलटला ना दिवस? काय झालं?" आई पाट उचलून आत गेली. मी वाद जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीवरून घरी आलो तेव्हा शेजारची आग्नेस आमच्या खोलीत उभी होती. ती इथल्याच जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती घरातली. तिचीही मुलगी अंगावर पिणारी होती. मिलिंद धुराने खोकत होता म्हणून ती त्याला उचलायला आत आली होती.

"काय रे, बकरा भाजतो काय इथे?" ती मला म्हणाली. "पोराचा श्वास कोंडला. काढ ती शेगडी बाहेर." आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "आणि ही बघ ना, मला आई म्हणते."

तिने पायानेच दार उघडले. मी शेगडी अंगणात नेऊन ठेवली. डोंगरावरचा गार वारा आत आला आणि धूर निघून गेला. थोड्या वेळाने मी शांताच्या कपाळाला हात लावला.

खोली थंड झाली होती. शांता झाली नव्हती.

मी तिला चादरीसकट उचलले. आई दारात होती. ती फक्त "बघ" म्हणाली. आणि मी, बायको हातांवर असताना, ती शुद्धीवर नसताना, तेथे थांबून आईला म्हणालो की याचा सटवाईशी काडीचा संबंध नाही. त्या दोन क्षणांत फार उशीर झाला असे कोणी म्हणणार नाही. पण मी थांबलो होतो.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी तपासून सांगितले, "रिटेन्ड प्लासेंटा असणार." म्हणजे वारेचा तुकडा आत राहून गेला होता, तो कुजला आणि तेथून विष पसरले. त्यांनी मला विचारले, "वार पूर्ण पडली होती का?"

मी म्हणालो, "मी स्वतः पुरली."

"पुरलीत, ते झालं. पाहिलीत का?"

मिलिंदने येथे लक्ष द्यावे. बनूबाईचे हात स्वच्छ होते. तिने माझ्यादेखत ते गरम पाण्याने आणि साबणाने धुतले होते, नाळ कापायचे पाते उकळून घेतले होते. खोलीत उजेड कमी होता आणि तिची नजर चुकली, एवढे मी मान्य करतो. डॉक्टरबाई म्हणाल्या की असे मोठमोठ्या रुग्णालयांतही होते, आणि ताप पहिल्याच दिवशी ओळखला तर बाई अत्यवस्थ होण्यापूर्वीच बरी होते. तेव्हा वारेचा तुकडा राहणे हा अपघात होता. त्यानंतरचे दिवस हा अपघात नव्हता. त्या दिवसांत बनूबाई तेथे नव्हती, मी होतो.

माझा स्वभाव असा, की मी त्याही स्थितीत डॉक्टरबाईंना विचारले, विस्तवाने जंतू मरतात हे खरे ना?

"मरतात," त्या म्हणाल्या. "भट्टीत मरतात. बाईला भट्टीत घालणार आहात का?"

त्यांनी क्युरेटिंग केले. शांताला भूल देऊन गर्भाशय आतून खरवडून तो तुकडा काढला. पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू झाली, हाताला सलाइन लागले, रक्त चढले. रक्त माझ्या खात्यातल्या दोघा सहकाऱ्यांनी दिले. माझे जुळले नाही. तेही मला त्या वेळी योग्यच वाटले.

त्यापुढे मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून वाट पाहिली. भेटीच्या वेळा संध्याकाळच्या होत्या, एरवी बाहेर. खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असे आणि त्यावरची रेघ डोंगरासारखी वर-खाली गेलेली दिसे. मी रोज विचारत असे, आज कसे? डॉक्टरबाई म्हणत, "उद्या सांगेन." एकदा ताप उतरलेला पाहून मी हात जोडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताप उतरला म्हणजे बरी झाली असं नाही. आणि हात मला जोडू नका. घरी कुणी आजारी पडलं तर त्यांचं ऐकत जा."

घरी वेगळाच प्रकार चालला होता. कपडे न्यायला गेलो तेव्हा पाट्याला हळद-कुंकू लावलेले दिसले. आईने मी नसताना पाचवी पुजली होती, दिवस उलटून गेला असताना. मी संतापलो. आई म्हणाली, मी नातवासाठी केलं, तुझ्यासाठी न्हाई. आवाज चढले. पलीकडच्या ओट्यावर आग्नेस आपली मुलगी एका बाजूला आणि मिलिंद दुसऱ्या बाजूला घेऊन बसली होती.

"भांडा, भांडा दोघं," ती म्हणाली. "तोवर पोराचं पोट मी भरते."

आईने आत जाऊन तिच्यासाठी खीर केली आणि मी पाणी भरून दिले. दोन मुले एका आईच्या अंगावर शांतपणे पीत होती. जांभळाला पाठ लावून मी जे ऐकले होते, तेच येथे दिसत होते. त्याला ना सटवाई लागत होती, ना माझे विज्ञान. त्याला फक्त वेळेवर कुणीतरी जवळ घ्यावे लागत होते.

पुढे आई सांगत असे की तिने पूजा केली आणि सुनेचा ताप उतरला. ताप उतरला तो पेनिसिलिनने आणि तुकडा निघाल्याने. हे मी तिला हजार वेळा सांगितले. शेवटच्या आजारपणातही ती तेच म्हणाली आणि मीही तेच उत्तर दिले. ते उत्तर मी तेव्हा दिले नसते तरी चालले असते.

शांता शुद्धीवर आली त्या संध्याकाळी मी खाटेजवळ होतो. तिने पहिल्यांदा विचारले, "बाळ कुठाय?" मी सांगितले. मग तिने पाणी मागितले, उशी नीट करायला सांगितली, आग्नेसच्या मुलीला दूध कमी पडत नाही ना असे विचारले. हे सर्व ती कुजबुजत्या आवाजात बोलत होती. सिस्टरने तिला विचारले, घसा बसलाय का?

घसा बसला नव्हता. ते मला माहीत होते.

ती घरी आली तेव्हा दूध आटलेले होते. डॉक्टरबाईंनी सांगितले होते, की वरचेवर बाळाला छातीशी लावा, येईल. तशी ती लावत राहिली. बाज मी दाराशी ओढली होती, दार सताड उघडे होते आणि शेगडी भंगारात गेली होती. एके सकाळी मिलिंद एकदम गप्प होऊन गटागट पिऊ लागला आणि शांता हसली. तिने मला हाक मारून दाखवले. त्या क्षणाइतके सुंदर मी पुढे काही पाहिले नाही. आणि त्या क्षणीदेखील माझ्या मनात होते, की हे मी बंद दाराआड घालवून बसलो असतो.

आता शांताच्या म्हणण्याकडे येतो. तिचे खोडून काढणे सर्वांत अवघड आहे.

मी तिच्याकडे अनेकदा कबूल केले आहे. ती दर वेळी म्हणते, "अहो, मीच म्हणाले ना निखारे घाला. तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं?" मी म्हणतो, तू दवाखान्यात न्या म्हणालीस. ती म्हणते, "मी नाही म्हणाले." मी म्हणतो, मी तुला हळू बोल म्हणालो. त्यावर ती म्हणते, "असं काही झालंच नाही. तुम्हाला काहीतरीच आठवतं." तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. तापात तिची आठवण पुसली गेली असेल, असे मी काही वर्षे मानले. पुढे माझ्या स्वतःच्या स्मरणाचीच मला शंका येऊ लागली. माझ्यासारख्या माणसाला स्वतःच्या अपराधाचा साक्षीदारही मिळू नये, ही मला शिक्षाच वाटत असे.

गेल्या रविवारी मितू आली. तिला घरीच बाळंत व्हायचे आहे. दिवे मंद, आपली माणसे जवळ, खिडकीतून जांभूळ दिसते आहे, असे काहीतरी. मिलिंद चिडला होता. "बाबांचं झाड, बाबांचं झाड! अगं, त्या बाबांची आई जात होती," तो म्हणाला. "त्या सुईणीनं वाट लावली होती." मितू म्हणाली, "बाबा, तुम्ही ना, शंभरदा ऐकलंय हे. आजीला कुठे काय झालंय, बसलीये ना मस्त." मी दोघांच्या मध्ये पडलो. मी मितूला सांगितले की निसर्ग पवित्र आहे पण तो काळजी घेत नाही, काळजी माणसांनी घ्यायची असते; मिलिंदला सांगितले की बनूबाईला दोष देऊ नकोस. मी क्युरेटिंग म्हणजे काय ते समजावू लागलो. तिघेही एकदम बोलत होतो.

शांता खिडकीशी बसून मेथी निवडत होती. ती बोलली तेव्हा आधी कुणाचे लक्षच गेले नाही. मग तिने पुन्हा म्हटले, आमच्या सर्वांवर चढेल अशा आवाजात.

"मितू, घरी हो नाहीतर दवाखान्यात हो. तुझं तू ठरव. फक्त एक कर. बरं नाही वाटलं ना, तर मोठ्यानं बोल. कुणी हळू बोल म्हणालं, तरी मोठ्यानं बोल."

माझ्याकडे तिने पाहिले नाही. मेथीची एक काडी उचलली, पाने खुडली, देठ बाजूला ठेवला.

इतकी वर्षे तिला सर्व ठाऊक होते. ते तिने माझ्यापासून लपवले, आणि ते लपवूनच माझ्याबरोबर संसार केला. डॉक्टरबाईंचे, आग्नेसचे, रक्त देणाऱ्या त्या दोघांचे आभार मी जन्मभर मानत आलो. जिचे मानायचे राहिले होते, ती पाच फुटांवर बसून भाजी निवडत होती.

मितूने माझ्याकडे वळून विचारले, "आजोबा, तुमचं काय म्हणणं आहे?" सर्वांना माझे उत्तर लांबणार हे माहीत होते, मिलिंदने तर खुर्ची मागे सरकवून घेतली.

"आजीचं ऐक," मी म्हणालो.